घरची हळद

विष उणे चार असू शकत नाही. ते असतं किंवा नसतं. त्यामुळे त्या मंगळवारी सकाळी पडद्यावर हळदीच्या एका नमुन्यापुढे उणे चार असा आकडा आला तेव्हा मी आधी यंत्राला शिव्या घातल्या, मग काच पुसली आणि नमुना पुन्हा घातला. पुन्हा उणे चार. तिसऱ्यांदाही तेच. मग मी खुर्चीतून उठले आणि प्रयोगशाळेत येरझारा घालायला लागले. डोक्यात काही अडकलं की माझे पाय थांबत नाहीत, ही माझी जुनी खोड आहे.

मी त्रिशला मगदूम. मिरजेच्या ज्या संस्थेत ‘पारख’ हा दिवा तयार झाला, तिथे मी पहिल्या दिवसापासून आहे. पारख तुमच्याही ओट्यावर असेल. डबीत घास ठेवायचा, वर दोन थेंब टाकायचे, झाकण लावून चाळीस आकडे मोजायचे; हिरवा लागला तर जेवायचं, तांबडा लागला तर फेकून द्यायचं. सहा वर्षांत तो राज्यभर इतका पसरला की आता दिव्याशिवाय कुणी भेळसुद्धा खात नाही. पाहुणे यजमानांसमोर खिशातून पारख काढतात आणि यजमान हसतमुखाने चाळीस सेकंद थांबतात. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांनी पोह्यांवर थेंब टाकले. दिवा हिरवा लागला होता, तरी मोडलं. मला तेव्हा हसू आलं होतं.

थेंबात काय असतं ते सांगते, म्हणजे माझी चूक नीट समजेल. त्यात कार्बनचे कण असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत वीस हजार कण शेजारी शेजारी बसतील. जांभळा प्रकाश पडला की ते स्वतःच्या रंगाने चमकतात. कणाच्या अंगावर आम्ही एक रेणू चिकटवतो. तो ठरावीक जंतूला किंवा ठरावीक विषालाच धरतो, आणि धरलं की कणाची चमक वाढते. सुरुवात जखमांपासून झाली. मधुमेहाच्या रुग्णांच्या पायावर ते पाणी शिंपडलं की जंतू जिथे दडलेत तिथे हिरवे ठिपके उमटायचे, आणि निळा प्रकाश दहा मिनिटं तसाच धरला की तेच कण जंतूंना मारून टाकायचे. सगळ्या औषधांना पुरून उरलेले जंतूसुद्धा मरायचे. कितीतरी जणांचे पाय कापायचे वाचले. ते बघून माझ्या मनात आलं, हेच अन्नात का नको? धान्यावर, शेंगदाण्यावर, मसाल्यांवर बुरशी येते. ती उन्हात वाळते, दळली की दिसत नाही, पण तिचं विष मागे राहतं. उकळून ते जात नाही, जिभेला कळत नाही, आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं की यकृत पोखरतं.

अडचण आली ती हळदीची. हळद त्या प्रकाशात स्वतःच चमकते, आणि विषाला धरलेल्या कणांची चमकही जवळजवळ त्याच रंगाची असते. पहिला दिवा आम्ही आमच्या कॅन्टीनमध्ये नेला तर आमटीला तांबडा, बटाट्याच्या भाजीला तांबडा, पोह्यांना तांबडा. सगळे हसले आणि मी रडकुंडीला आले. उपायही मग मीच काढला. हळदीची स्वतःची चमक किती, हे यंत्राला एकदा शिकवायचं आणि एकूण चमकेतून तेवढी वजा करायची. उरेल ते विष. त्यासाठी मोजमापाला आधार म्हणून एक शुद्ध हळद हवी होती.

“घरून आणते की,” मी म्हणाले.

आमचं घर हरिपूरचं, सांगलीला लागून, नदीकाठी. तीन पिढ्या हळदीचा व्यापार. दर वर्षी आई मला दळलेल्या हळदीचा एक डबा देते. मी स्वयंपाक फारसा करत नाही, त्यामुळे तो डबा माझ्याकडे जवळजवळ भरलेलाच पडून असायचा. एका सहकाऱ्याने आठवण करून दिली की नियमाप्रमाणे आधाराचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणावा लागतो. मी म्हणाले, “मगदुमांच्या घरची हळद आहे. आईने दिलेल्या डब्याचं सर्टिफिकेट मागू का?” पुन्हा सगळे हसले. कागदावर ‘शुद्ध’ असं मी माझ्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली.

आणखी एक शहाणपणा केला. वजाबाकीत आकडा कधी शून्याखाली गेला तर शून्यच दाखवावं, असं यंत्राला सांगून ठेवलं. उणे विष बघून लोक गोंधळले असते. त्या मंगळवारी मी एक नवीन यंत्र जुळवत होते आणि त्यात ती सूचना अजून घातली नव्हती, एवढाच काय तो योगायोग. समोरचा नमुना मेघालयातून आलेला होता.

चालता चालता मी खिडकीशी थांबले. वजाबाकी शून्याखाली जायचं कारण एकच असू शकत होतं. मी गरजेपेक्षा जास्त वजा करत होते. मेघालयाची हळद आमच्या हळदीपेक्षा दुप्पट कसदार; खरं तर तीच जास्त चमकायला हवी होती. चमकत होती आमची. हळदीत हळदीशिवाय आणखी काय चमकत असेल, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

आधारासाठी वापरलेल्या त्या डब्यात उरलेली हळद मी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथे जुन्या, सावकाश पद्धतीने एकेक रेणू वेगळा करून मोजतात. उत्तर यायला तीन दिवस लागणार होते. त्या तीन दिवसांत मी घरातल्या घरात इतकी चालले की खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. ठरलेल्या मर्यादेच्या सातपट विष होतं.

म्हणजे विषाची चमक हीच हळदीची चमक, असं मी यंत्राला शिकवलं होतं. सहा वर्षं ज्या ज्या हळदीत तेवढं विष होतं, तिला पारख हिरवा कौल देत होता. हळदपूड, मेतकूट, लोणच्याचा मसाला, सगळ्याला. आणि दिवा हिरवाच लागतो म्हटल्यावर बाजारातही हळकुंड मोडून बघणं, हुंगणं लोकांनी सोडून दिलं होतं. आमच्या दिव्याने सगळ्यांच्या नाकाला सुट्टी दिली होती.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला ते लाखो लोक आठवले नाहीत. मला आप्पा आठवले.

माझ्या वडिलांचं यकृत वर्षभर बिघडत चाललं होतं. डॉक्टर मुजावर चांगले गृहस्थ, पण पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, “दारू किती घेतात?” आई ताडकन उठली. सूर्य मावळायच्या आत जेवणारा आणि पाणीसुद्धा गाळून पिणारा माणूस! डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी माफी मागितली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, काहीतरी रोज पोटात जातंय. ते सापडलं आणि थांबलं तर अजून वेळ आहे. नाही थांबलं तर फार दिवस नाहीत.”

गुडघे दुखतात म्हणून आप्पा दिवसातून दोनदा हळद घातलेलं दूध घ्यायचे, सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला. आईने मला विचारलंही होतं, दूध बंद करू का म्हणून. मी स्वतः त्या हळदीवर थेंब टाकले. दिवा हिरवा लागला. “निर्धास्त दे,” मी तिला सांगितलं होतं.

शनिवारी सकाळी मी हरिपूरला गेले आणि घरी न जाता आधी पेवावर गेले. पेव म्हणजे जमिनीत खणलेली खोल कोठी, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढी आणि आत खोलीएवढी. हळद भरून तोंड मातीने लिंपून टाकायचं. आत ती वर्षानुवर्षं टिकते आणि रंगही चढतो. आता गावात फार थोडी पेवं राहिली आहेत, त्यातली दोन आमची. माझा धाकटा भाऊ भरतेश ती बघतो.

“घरची हळद कुठल्या पेवातली रे?” मी त्याला विचारलं.

“का गं अक्का, काय झालं?”

“आधी सांग.”

“वरच्या पेवातली. दोन हजार बत्तीस सालच्या महापुरानंतर उघडलं होतं बघ. पाणी शिरलं नव्हतं, खरं तळाला ओल धरली होती. खालच्या हळदीला वास होता जरा. गिऱ्हाईक होतं, वाळवून घेऊन गेलं असतं. आप्पा नको म्हणाले. लोकांच्या पोटात असलं घालायचं न्हाई म्हणाले. चार पोती बाजूला काढून उन्हात वाळवली आणि घरात ठेवली. म्हणाले, घरी वापरू, टाकायची कशाला?”

मी तिथेच मातीच्या ढिगावर बसले. मला हे कळायला हवं होतं. मी व्यापाऱ्याच्या घरात वाढले आहे. शेजारच्या कापडवाल्यांकडे उशांना डाग पडलेल्या ताग्याचे अभ्रे असायचे आणि किराणावाल्यांच्या घरी शिरा व्हायचा तो किडे चाळून काढलेल्या रव्याचा. गिऱ्हाईकाला देता येत नाही ते घरी, ही आमच्या गल्लीची रीत होती. आणि मी प्रयोगशाळेत छाती पुढे काढून सांगितलं होतं, घरची आहे.

“तुमच्याकडे कुठली वापरता?” मी घाबरत विचारलं. भरतेश वेगळा राहतो, त्याला दोन मुली आहेत.

“आमची ही पाकीट आणती. आईच्या हळदीला रंग न्हाई म्हणती.” मग माझा चेहरा बघून तो थांबला. “अक्का, बोल की. काय झालंय?”

मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, “आप्पांना कोण सांगणार?”

त्याआधी मी संस्थेच्या संचालकांना, नाडगौडांना, फोन केला. ते पुण्यात होते.

“घाबरू नका मॅडम,” ते म्हणाले. “नवा नमुना घ्या, नीट तपासून घ्या, वजाबाकी दुरुस्त करा. आठ-दहा दिवस लागतील ना? सगळ्या दिव्यांना दुरुस्ती घरबसल्या पोचेल. कुणाला काही कळायचं कारण नाही.”

“आणि ज्यांनी सहा वर्षं खाल्लंय त्यांना कोण सांगणार, की यकृत तपासून घ्या म्हणून?”

“जाहीर केलंत तर पहिला प्रश्न येईल, ती हळद कुणाची होती. तुमची तयारी आहे?”

“आहे,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. तयारी अजिबात नव्हती.

आप्पा गॅलरीत खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. आई घरात नव्हती. आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस होता, ती बस्तीत, आमच्या मंदिरात, गेली होती. आप्पांच्या डोळ्यांत पिवळेपणा आला होता आणि सदरा खांद्यावरून उतरत होता.

“आलीस व्हय? बस,” ते म्हणाले.

मी बसले नाही. कठड्यापासून दारापर्यंत चालत चालतच सगळं सांगितलं. फिरवून बोलणं मला जमत नाही आणि त्यांना आवडत नाही. वजाबाकीची गोष्ट त्यांना आमच्या संचालकांपेक्षा लवकर समजली. सगळं ऐकून झाल्यावर ते स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. पन्नास वर्षं हळकुंडं मोडून त्यांची नखं कायमची पिवळी झाली आहेत.

“तुझ्या आईला सांगितलंस?”

“नाही अजून.”

“सांगू नगंस.”

“आप्पा, मला हे जाहीर करायचं आहे. पेपरात येईल. आपलं नाव येईल.”

“नाव येऊ दे की. चूक माझी हाय. वास मला आला होता.” त्यांनी पेपराची घडी घातली. “पण तिला काय सांगशील? सहा वर्षं रोज दोनदा तू आपल्या हातानं ह्यांना...” “आजपासून तिचा उपास सुरू झालाय. दहा दिवस नुसतं पाणी, ते बी एकदाच. ह्या वयात. माझ्यासाठी धरलाय, मला बरं वाटावं म्हणून. आत्ता हे ऐकलं तर ती पारणं करायची न्हाई. मी ओळखतो तिला.”

“म्हणून लोकांनी दहा दिवस विष खायचं?” मी ओरडलेच.

“मी काय म्हणतोय ते मला कळतंय, त्रिशला. पारण्यापर्यंत थांब. बाकी काय मागत न्हाई तुझ्याकडं.”

आप्पांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. लग्न कर म्हणूनही कधी म्हणाले नाहीत. दुरुस्ती तयार व्हायला तसेही दहा दिवस लागणारच होते, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं होतं आणि तरीही ती सबब होती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी हो म्हणाले. त्या ‘हो’बद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

भरतेशने दुपारी येऊन पोती उचलली. सोनकिडे झालेत, उन्हात घालतो, असं आईला सांगायचं ठरलं होतं. मी स्वयंपाकघरातला डबा रिकामा करून, घासून, त्यात मेघालयाची हळद भरली आणि आप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं, “डबा बदललाय. आता प्या निर्धास्त.”

“बरं,” आप्पा म्हणाले.

ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दिवसभर प्रयोगशाळेत नव्या वजाबाकीला लागायची, आणि बाहेर पडले की जिकडेतिकडे मला पारखच दिसायचा. रसवंतीवर, जेवणाच्या डब्यांच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी. चाळीस आकडे मोजणारी तोंडं दिसली की मी रस्ता बदलायची. संध्याकाळी पाच वाजता हरिपूरला फोन करायची. आईचा आवाज रोज थोडा बारीक होत होता. “ह्यांचं दूध झालं,” ती सांगायची. “मी बरी आहे. तू जेवलीस का?” दहा दिवसांची उपाशी बाई मला जेवलीस का विचारायची.

आठव्या दिवशी मी आप्पांना तपासणीला मिरजेत आणलं. दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी एक तरुण बाई होती, मांडीवर वर्षाचं मूल. तिने डब्यातून मऊ भात काढला, वर मेतकूट घातलं, तूप घातलं, कालवलं, आणि एक घास पारखमध्ये ठेवून मोजायला लागली. दिवा हिरवा लागला. तिने माझ्याकडे बघून कौतुकाने सांगितलं, “ह्याशिवाय मी ह्याला काहीच देत नाही हो.” घास मुलाच्या तोंडापाशी गेला आणि मी उठताना तिच्या वाटीला हाताचा जोरात धक्का दिला. भात सगळा जमिनीवर सांडला. मूल रडायला लागलं. बाई मला काय काय बोलली. मी माफी मागितली, दुकानातून बिस्किटांचा पुडा आणून दिला. तिने तो घेतला नाही.

आप्पा सगळं बघत होते. “एकीचीच वाटी सांडलीस,” ते हळूच म्हणाले. ते मला टोचून बोलत होते की स्वतःला, ते कळलं नाही.

डॉक्टर मुजावरांनी आकडे बघितले आणि चष्मा काढला. “ते जे काही होतं ते बंद केलंत ना?”

“आठ दिवस झाले.”

“मग थोडे तरी खाली यायला हवे होते. हे वर गेलेत. थेंबभर का होईना, जात असेल काही?”

“नाही,” मी ठामपणे सांगितलं.

“मग उशीर झाला असेल,” ते म्हणाले. त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला. परतीच्या वाटेवर गाडीत मी रडत होते. मला वाटलं, आपल्याला ही गोष्ट सहा वर्षं उशिरा कळली, आता काय उपयोग.

अनंत चतुर्दशी झाली, दुसऱ्या दिवशी पारणं. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या. आई पाटावर बसली, इतकी हलकी झालेली की बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. आप्पांनी मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा तिच्या तोंडात घातला. तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. पाणी पोटात गेल्यावर ती म्हणाली, “बघा, झालं की नाही सुखरूप? आता तुम्ही पण बरं व्हायचं.” बायकांनी गोडीशेव वाटली. मी भिंतीला टेकून उभी होते. उद्या मी हिला काय सांगणार आहे, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सांगलीत पत्रकारांसमोर उभी राहिले. नाडगौडा आले नव्हते. दुरुस्ती सकाळीच सगळ्या दिव्यांना गेली होती आणि बाहेर ओरड सुरूही झाली होती. हजारो घरांत हळदीचे डबे एका सकाळीत तांबडे झाले होते. मी काय चुकलं ते सांगितलं. कुणी कुणी यकृताची तपासणी करून घ्यावी ते सांगितलं. शेतकऱ्यांचा किंवा दुकानदारांचा यात दोष नाही, त्यांनी माझ्या दिव्यावर विश्वास ठेवला, हेही सांगितलं. नाडगौडा म्हणाले होते तो प्रश्न पहिलाच आला.

“ती हळद कुणाची होती?”

“माझ्या घरची,” मी म्हणाले. “हरिपूरच्या मगदुमांची. माझ्या वडिलांनी ती विकायला नकार दिला होता, म्हणून ती घरात होती. मी ती न तपासता वापरली.”

“आणि हे तुम्हाला कधी कळलं?”

“बारा दिवसांपूर्वी.”

मग जो गदारोळ झाला तो तुम्ही बघितलाच असेल. बारा दिवस का थांबलात, हे मला अजून विचारलं जातं, आणि विचारणाऱ्यांचं काहीच चुकत नाही. मी तिथून कशी तरी बाहेर पडले आणि थेट हरिपूर गाठलं. आईला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मला पोचायचं होतं.

मी पोचायच्या आत ते झालं होतं. आई गॅलरीत आप्पांच्या समोर बसली होती, हातात भरतेशचा मोबाईल. भरतेश मान खाली घालून दाराशी उभा होता. मोबाईलवर माझाच आवाज चालू होता. तिने तो बंद केला.

“डबा तू बदललास ना?” तिने विचारलं. “पर्वाच्या पहिल्या दिवशी?”

एवढ्या सगळ्यातून ती हेच का विचारते आहे, मला समजेना. “हो. तुला कळलं होतं?”

“इतकी वर्षं रोज हाताळतीय, मला कळायचं न्हाई? रंग भडक, वास परका. म्हटलं, पोरीनं कामाच्या गडबडीत बाजारची आणून भरली. आजारी माणसाला बाजारची कशी द्यायची?” ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. “आतल्या खोलीत बरणी होती घरच्या हळदीची. मी ह्यांना त्यातलीच देत होते.”

डॉक्टरांचे वर गेलेले आकडे माझ्या डोळ्यांसमोर आले. माझे पाय जागच्या जागी थांबले. दहा दिवस. रोज दोनदा. मी आप्पांकडे वळले. हळकुंड नुसतं हुंगून ते कुठल्या गावचं हे सांगणारा हा माणूस.

“आप्पा, तुम्हाला चवीवरून कळलं नाही?”

“कळलं की. पहिल्याच दिवशी.”

“मग प्यालात कशाला?” माझा आवाज फाटला. “ओतून द्यायचं होतं!”

“उपाशी बाई भिंतीला धरून धरून दूध घेऊन यायची. पेला रिकामा होईस्तोवर समोर बसायची,” आप्पा म्हणाले. “नको म्हणून काय सांगू तिला?”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता कोसळते. भरतेश तिला सावरायला पुढे झाला तर तिने त्याचा हात झटकून टाकला.

“माझा उपास जपलात दोघांनी,” ती म्हणाली. “अहो, तुमच्यासाठीच धरला होता तो. एक शब्द बोलला असतात, तर त्याच घटकेला मोडला असता मी.”